काळ्याचं जांभळं

पोर्तोच्या जुन्या बाजारात बार्तोलोमेउनं
हा कॅमेरा मला विकला तेव्हाच म्हणाला होता,
"एक खोड आहे याला. काळा रंग याला पचत नाही."
मी हसलो. किंमत पाडून घेतली.
आणि गेलो कुठे, तर कशीनासच्या धक्क्यावर,
जिथे काळ्याशिवाय दुसरं टिपायचं काय!

तिथे बायकांनी एकदा काळं घातलं की घातलं.
समुद्रानं घरचा माणूस ठेवून घेतला
की कपाटातले बाकीचे रंग भाच्यांना वाटून टाकायचे
आणि सार्डिन साफ करत बसायचं.

दोना एर्मेलिंदा पालथ्या क्रेटवर बसली होती.
भिंगाशेजारच्या छोट्या खिडकीतून पाहिलं:
दोन एर्मेलिंदा. एक ठळक, एक पुसट.
कडं फिरवत फिरवत
एकीत दुसरी बसवली,
खटका दाबला.

ही खिडकी भिंगातून पाहत नाही.
शेजारीण आहे ती भिंगाची.
आत काय शिजतंय तिला पत्ता नसतो,
तरी विचारलं की सांगते, सगळं ठीक चाललंय.

पडद्यावर शाल काळी. रुमाल काळा.
घागरा मात्र
द्राक्षाच्या चोथ्यासारखा जांभळा.

ओशाळून मी समजावू लागलो:
तांबड्याच्याही पलीकडे एक उजेड असतो,
आपल्या डोळ्यांना नाही दिसत,
कृत्रिम धाग्यावरून तो उसळतो
आणि या यंत्राला अडवता येत नाही.
तिनं त्यातलं एवढंच घेतलं:
"म्हणजे याला कापड कळतं?"
"तसं म्हणा. लोकर कळते. नायलॉन कळतो."
ती इतकी हसली, की सुरी खाली ठेवावी लागली.
"शाल सासूची. घागरा जत्रेतला, सात युरोंचा.
थांब, त्या देओलिंदाला बोलावते,
तिचं म्हणे सगळं अस्सल लोकरीचं."

देओलिंदा आली, ताठ बसली,
आणि गळ्यापासून घोट्यापर्यंत जांभळी निघाली.
त्या दिवशी धक्क्यावर मासे कमी साफ झाले.

खिशात फिल्टर होता.
एकोणचाळीस मिलिमीटरचा, तिरका धरला
की तांबूस चमकणारा.
आटे बसवताना माझी बोटं नेहमी चुकतात.
दोनदा चुकली, मग बसला.
खिडकीत काही बदललं नाही.
कधीच नाही बदलत:
पिवळा लावा, तांबडा लावा,
झाकण काढायचंच विसरा,
ती आपली दाखवत राहते
तोच लख्ख समुद्र.

पडद्यावर मात्र काळं काळं झालं.
शाल, घागरा, रुमाल, सगळं एकाच ताग्यातलं वाटावं असं.
"आता बरोबर आलं," मी म्हणालो.

दोना एर्मेलिंदा बराच वेळ वाकून पाहत राहिली.
मग खवल्यांनी माखलेल्या अंगठ्यानं
तिनंच काच फिरवायला घेतली,
बरणीचं झाकण उघडावं तशी.
"एकतीस वर्षं घालतेय," ती म्हणाली,
"काळं कसं दिसतं ते मला नको सांगू.
हे खाली असलेलं
कुणी सांगितलं नव्हतं."

कबरीवर लावायच्या चिनी मातीच्या तबकडीसाठी
तिनं जांभळा फोटो आताच निवडून ठेवलाय.
पाद्रीबाबांना अजून दाखवलेला नाही.
देओलिंदानं फिल्टर लावूनच काढायला लावला.
तीनदा.
दर वेळी उठून आली,
काच जागेवर आहे ना ते पाहून
पुन्हा जाऊन बसली.

फिल्टर हल्ली डबीत असतो.
कडेला एक खवला चिकटलाय, वाळून काचेसारखाच झालेला.
फोटोत तो उमटत नाही.
खिडकीतून तर प्रश्नच नाही.